ताटातलं काडतूस

मामंजींच्या जानव्याला लोखंडी कपाटाची किल्ली बांधलेली असे, आणि जानवं काही कुलपापर्यंत पोचत नसे. त्यामुळं कपाट उघडायचं म्हणजे त्यांना कमरेत वाकावं लागे, पोट दाराला टेकवावं लागे. एरवी अख्ख्या अरुशा गावात कुणापुढं मान न तुकवणारा हा माणूस त्या कपाटापुढं रोज वाकायचा. मला ते बघायला फार आवडायचं. दुसरं बघण्यासारखं त्या घरात फारसं नव्हतं.

त्या दसऱ्याच्या सकाळी ते असेच वाकलेले होते आणि मी मागं चांदीचं ताट घेऊन उभी होते.

दार उघडलं. वरच्या फळीवर काडतुसांच्या पेट्या, मधल्या फळीवर दुकानाचे परवाने, आणि तिसऱ्या फळीवर सासूबाईंच्या पाटल्यांच्या डब्याखाली माझा पासपोर्ट. त्याची एक निळी कड तेवढी दिसायची. लग्न होऊन मुंबईहून बोटीनं आले, त्या दिवशी त्यांनी तो ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून घेतला होता. सांभाळला मात्र खरंच छान. मला हातही लावू दिला नाही.

“मामंजी,” मी म्हटलं, “कॉलेजला येत्या जूनला नाव घातलं नाही तर पुन्हा घेणार नाहीत. भावानं कळवलंय.”

“आज सणाचा दिवस आहे, सूनबाई.”

“तुम्ही बाबांना शब्द दिला होता. शेवटचं वर्ष पुरं करू देईन म्हणून.”

“देणार की. नाही कोण म्हणतंय? पुढच्या वर्षी बघू.” त्यांनी पेटी काढली, वाकून कुलूप लावलं, आणि निळी कड दिसेनाशी झाली. “घरात दुसरं बाईमाणूस नाही. तू गेलीस तर हे ताट कोण धरणार?”

‘पुढच्या वर्षी बघू’ हे मी तिसऱ्यांदा ऐकत होते. बी.एस्सी.चं एक वर्ष, एवढंच माझं मागणं होतं. पण ते त्या घरात कुठल्याच फळीवर मावत नव्हतं.

आता ताटाचं सांगते. मामंजींचं, म्हणजे रघुनाथराव ऊर्फ नाना टिपणीस यांचं, अरुशात बंदुकांचं दुकान होतं आणि शिकारी म्हणून नाव होतं. टांझानियात तेव्हा परवाना काढून शिकार करता येई. दसऱ्याला वेशीबाहेर जाऊन शिलंगण करायचं, ते हे शिकारीनं करत. गावातल्या मराठी मंडळींचं रात्रीचं जेवण त्या शिकारीवर व्हायचं. घरच्या बाईनं काडतुसांना हळदकुंकू लावून ताटात ठेवायचं आणि रानात एकेक करून हातात द्यायचं. त्यांनी ते कपाळाला लावायचं आणि न बघता बंदुकीत भरायचं. बाईच्या हातचं काडतूस तपासून घेणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचे वडील मानत. सासूबाई होत्या तोवर हे काम त्यांचं. त्या गेल्या आणि मी आले.

“थ्री-सेव्हंटी-फाइव्हच,” मामंजींनी करंगळीएवढ्या जाड गोळीची काडतुसं ताटात मांडली. “कोंगोनी आणायचा आहे. चिवट जनावर. गोळी खाऊन मैलभर पळतं. तिथं लहानसहान काडतूस कामाचं नाही.”

कोंगोनी म्हणजे लांब तोंडाचं, आखूड शिंगांचं, घोड्याच्या बेताचं हरण. चिवट होतं हे खरं. पण माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासणारे फोरमन. आमच्याकडं जेवताना मुली भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलत नसत, काडतुसात दारू किती ग्रेन यावर बोलत. मी स्वतः एन.सी.सी.त टू-टू रायफल मारलेली.

“ह्यांची सात एमएम पण घेऊ या ना,” मी म्हटलं. “गोळी बारीक असली तरी लांब असते. आत खोल जाते. धक्का निम्मासुद्धा नाही.”

“ती? ती बायकी बंदूक आहे. मनोहरला म्हणून घेतली होती, त्यानंही कधी उचलली नाही. ठेव हवी तर. तिचीही पूजा होऊ दे.”

मनोहर म्हणजे माझे यजमान. दुकानाचे हिशेब बघायचे, स्वभावानं लोण्यासारखे, आणि वडिलांपुढं तर अगदी पातळ. बाहेर गाडीत डबे ठेवताना त्यांनी मला हळूच समजावलं.

“जरा कळ काढ. नाना मागं काय म्हणाले ठाऊक आहे ना? ज्या दसऱ्याला हात हलवत परत येईन, त्या दिवशी बंदूक खाली ठेवीन, दुकान विकीन आणि सगळे पुण्याला जाऊ. वय झालंय त्यांचं. किती दिवस चालणार?”

म्हणजे माझी सुटका मामंजींचा नेम चुकण्यावर होती. आणि नेम चुकणार हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

कारण आदल्या दसऱ्याला मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. समोर वाइल्डबीस्ट होता, बैलासारखं दाढीवालं हरण, जवळच. मामंजींनी बंदूक खांद्याला लावली, आणि चाप ओढायच्या क्षणी त्यांचे डोळे गच्च मिटले. खांदा पुढं आला, नळी खाली गेली. गोळी पोटात लागली. ते जनावर आतडी ओढत चाललं आणि आम्ही ऊन उतरेपर्यंत त्याच्या मागं. शेवटी आमचा ड्रायव्हर एलियानं ते संपवलं. त्या जनावराचं ओरडणं मला पुढं कित्येक दिवस भाताचं आधण ठेवलं की आठवायचं. घरी आल्यावर सगळ्यांनी मामंजींना ओवाळलं. मी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खांद्याला आयोडेक्सचा वास आणि आत बंडीवर सोललेल्या खांद्याचं पिवळं पाणी. त्या माणसाला त्या काडतुसाची भीती बसली होती. पेलत नव्हतं, आणि सोडवतही नव्हतं.

हे सांगायचं कुणी? सुनेनं सासऱ्याला ‘तुम्ही डोळे मिटता’ म्हणायचं? आमच्याकडं सून सासऱ्यासमोर खुर्चीवरही बसत नव्हती.

म्हणून मी आदल्या दिवशी दुकानातलं एक दाखवायचं काडतूस पदरात बांधून आणलं होतं. गिऱ्हाइकाला समजावून द्यायला अशी पोकळ काडतुसं ठेवलेली असत. वरून हुबेहूब, आत दारू नाही. बाबा नवशिक्यांना असंच करायचे. खऱ्या काडतुसांत गुपचूप एक पोकळ द्यायचं. बंदूक उडत नाही, आणि माणूस काय करतो ते उघडं पडतं. आपण काय करतो ते त्याचं त्यालाच दिसतं, दुसऱ्यानं बोलावं लागत नाही. ते काडतूसही मी कुंकू लावून ताटात ठेवलं.

मनात काय होतं, तेही सांगून टाकते. मला वाटत होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि मुकाट्यानं बंदूक खाली ठेवतील. जनावरही वाचेल आणि मीही.

रानात पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. गवत वाळून पिवळं, मधेमधे काट्यांची छत्रीसारखी झाडं. बरोबर डॉक्टर खोपकर होते, मराठी मंडळाचे अध्यक्ष. औषधापेक्षा बातम्या जास्त वाटणारा माणूस. ते मनोहरला घेऊन झाडाखाली थर्मास उघडून बसले. एलिया वारा बघायला पुढं गेला. शिकारीआधी नेम तपासायचा म्हणून मामंजींनी दूर वारुळावर एक खोका ठेवला, लँडरोव्हरच्या बॉनेटवर घोंगडी टाकली आणि बंदूक टेकवली.

मी पहिलं काडतूस दिलं. कपाळाला लावून त्यांनी भरलं. धडाका झाला. गोळी खोक्याच्या खाली, पार वारुळाच्या बुडाशी माती उडवून गेली.

“वारा आहे,” मामंजी म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं.

मी दुसरं दिलं. ते बघत नव्हते. रीतच होती ती. कपाळाला लावलं, भरलं, खांद्याला लावलं, श्वास रोखला.

‘टक्’ एवढाच आवाज झाला. आणि त्या मागोमाग, बंदूक उडालेली नसताना, नळी खाली आदळली. घोंगडी ओलांडून बॉनेटच्या पत्र्यावर. ठण्णकन.

मामंजींनी डोळे उघडले. म्हणजे मिटले होते, हे त्यांना तेव्हा कळलं.

“काय झालं हो, नाना?” झाडाखालून खोपकर ओरडले.

“डब्याचं झाकण पडलं,” मी ओरडून सांगितलं.

मामंजींनी बंदुकीची कडी मागं ओढली. काडतूस हातात घेऊन फिरवलं, कानाशी नेऊन हलवलं. खऱ्या काडतुसात दारूचा बारीक सळसळाट येतो. ह्यात काही नव्हतं.

“हे आपल्या दुकानातलं.”

“हो.”

“कुणी ठेवलं?”

“ताटातलं बघून भरायचं नसतं ना, मामंजी.”

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ते गाडीच्या पायरीवर खाली बसले. बंदूक आडवी मांडीवर. इतका थकलेला माणूस मी त्या घरात पाहिला नव्हता, आणि थकव्याशी तर माझी स्वतःची चांगली ओळख होती.

“केव्हापासून ठाऊक आहे तुला?”

“गेल्या दसऱ्यापासून.”

“मनोहरला?”

“नाही. कुणालाच नाही.”

त्यांनी गवताकडं पाहिलं. मी वाट बघत होते. आता म्हणतील, झालं, बस्स झालं. चला घरी. मी मनातल्या मनात बोटीत पाऊलसुद्धा ठेवलं.

“ही जात नाही गं,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. “भीती. तिला वाटेल तेव्हा येते. रात्री निजताना शपथ घेतो की उद्या डोळे उघडे ठेवीन. बंदूक खांद्याला लागली की झालंच. दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणतं, टिपणीस कुठलं काडतूस वापरतात? तेच द्या. मग मी दुसरं कसं वापरू? ह्या काडतुसाच्या बुडावर मी माझं नाव ठोकलंय आणि आता तेच काढता येत नाही.”

मलाही त्या घरातून स्वतःला काढता येत नव्हतं. आम्ही दोघं एकाच कपाटात होतो. फरक एवढाच की त्यांच्यापाशी किल्ली होती.

“तुझे वडील इथं असते तर काय म्हणाले असते?”

“विचारलं असतं, ह्यातलं कुठलं डोळे उघडे ठेवून मारता येतं?”

त्यांनी मान वर केली. आणि मग त्यांनी ते विचारलं, जे त्या घरात कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

“मग कोणतं घेऊ?”

एवढाच प्रश्न. आणि मी त्यात सापडले.

काहीच घेऊ नका, असं मी म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं. तेवढे ते त्या घडीला खचलेले होते. गप्प राहिले असते, तरी त्यांनी तीच मोठी काडतुसं भरली असती आणि हात हलवत परत आले असते. किंवा पोट फुटलेलं जनावर मागं टाकून. दोन्हीकडून माझं जून महिन्याचं कॉलेज मला मिळत होतं. फक्त खरं उत्तर दिलं तरच मिळत नव्हतं.

मला त्यांचा राग येत होता. मनापासून येत होता. पण काडतुसाबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना. बाबांनी आयुष्यभर एकेक काडतूस उजेडात धरून तपासलं, ते काही पगारासाठी नाही. ज्याच्या हातात ते जाईल त्याला दगा होऊ नये म्हणून.

“सात एमएम घ्या,” मी म्हटलं. “जवळ जाऊ. खांद्यामागं मारा. पुरतं ते कोंगोनीला.”

“खोपकर हसेल. गावभर करेल.”

“ते माझ्यावर सोडा.”

मी ताटातली उरलेली मोठी काडतुसं उचलली आणि चिवड्याच्या डब्यात तळाशी खुपसली. मग झाडाखाली जाऊन चेहरा पाडून उभी राहिले.

“माझ्याकडून घोळ झाला. मोठ्या काडतुसांची पेटी घरीच राहिली. पूजेत एकच ठेवलं गेलं, ते नेम बघण्यात गेलं. आता ह्यांच्या सात एमएमचीच आहेत. पूजेशिवायची तर चालत नाहीत.”

खोपकर खदाखदा हसले. “घ्या! नाना, सुनेनं तुम्हाला सशाच्या शिकारीला काढलं! मनोहर, तुझी बायको एन.सी.सी.त होती ना रे?”

मनोहर ओशाळले. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “असू दे. लक्ष्मीनं दिलं ते घ्यायचं.”

एलियानं कळप हेरला होता. वाऱ्याच्या उलट बाजूनं आम्ही वाळलेल्या ओढ्यातून गेलो. मामंजी पुढं, मी मागं ताटाऐवजी ओंजळीत काडतुसं घेऊन. एक मोठा नर कडेला उभा होता, वारुळावर पुढचे पाय ठेवून, पहारा देत. मी काडतूस दिलं. कपाळाला लावलं. भरलं. मी जनावराकडं बघत नव्हते, मामंजींच्या डोळ्यांकडं बघत होते.

ते उघडे राहिले. पाणी आलं होतं, पण उघडे होते.

आवाज झाला आणि कोंगोनी दोन उड्या मारून गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. ओरडला नाही. एलियानं जाऊन शिंगाला हात लावला आणि हात वर केला. मामंजींनी बंदूक गवतात ठेवली. बाकीचे धावत आले. खोपकरांनी त्यांना मिठी मारली. “सात एमएम! नाना, तुम्ही म्हणजे अगदी कमाल! लहान काडतुसानं मारायला खरी छाती लागते!”

मीही आनंदले होते. खोटं कशाला सांगू. मग परतताना गाडीत मनोहर माझ्या कानाशी आले. फुललेले होते.

“बघितलंस? नाना अजून दहा वर्षं बंदूक खाली ठेवत नाहीत!”

तेव्हा मला आठवलं की मी स्वतःच्या हातानं कडी लावून घेतली होती. खिडकीबाहेर रान मागं पळत होतं. त्या सगळ्या मोकळ्या रानात मला श्वास घ्यायला जागा पुरेना.

घरापुढं मंडळाची माणसं जमली होती. दिवेलागणीची वेळ. शिलंगणाहून आलेल्याला दारात ओवाळायचं, म्हणून मी घाईघाईनं आत जाऊन तेच चांदीचं ताट धुतलं, निरांजन लावलं. मामंजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले. चेहरा उजळलेला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ते वाकून हळूच म्हणाले, “पुढच्या दसऱ्यालाही सातच एमएम. पण चिवड्याच्या डब्याचं आपल्या दोघांतच राहू दे. आता तुला कुठं जाऊ देत नाही, पोरी. तुझ्यावाचून माझं भागायचं नाही.”

हे ते मायेनं बोलले. खरोखर मायेनं. मला वाटतं, त्या मायेनंच माझं डोकं फिरलं.

त्यांनी ओवाळणी घालायला खिशात हात घातला. मी ताट मागं घेतलं.

“पैसे नकोत, मामंजी.”

“मग?”

“तिसऱ्या फळीवरचं.”

त्यांचा हात खिशातच राहिला. “आज नको. माणसं आहेत.”

“आजच.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर राहीन,” मी म्हटलं. मी निरांजन पुन्हा एकदा ओवाळलं. “जाणार कुठं? दर दसऱ्याला ताट मीच धरीन. काडतूस मीच देईन. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर न बघता भराल.”

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या टक् आवाजानंतर गवताकडं पाहिलं होतं, तसं.

“अहो नाना, ओवाळणी घाला की!” मागून खोपकर. “सुनेनं काय हत्ती मागितला?”

मामंजी आत गेले. माजघराच्या दारातून मला ते दिसत होते. कमरेत वाकले, पोट दाराला टेकलं. ह्या वेळी मला ते बघून बरं वाटलं नाही. म्हातारे दिसत होते.

परत येऊन त्यांनी निळा पासपोर्ट ताटात ठेवला. कडेला कुंकू लागलं. माणसांना वाटलं, काही दागिन्याचा कागद असेल. बायकांनी टाळ्याही वाजवल्या.

“जायच्या आधी सात एमएमच्या पेट्या वेगळ्या काढून ठेव,” ते म्हणाले. “मला वरची फळी नीट दिसत नाही.”

मे महिन्याच्या बोटीनं मी पुण्याला आले. वर्ष पुरं केलं. पुढं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. क्रिया-प्रतिक्रिया आणि बंदुकीचा धक्का शिकवताना मुली विचारायच्या, बाई, तुम्ही मधेच का थांबता?

मनोहर दुसऱ्या वर्षी आले. मी मुंबईच्या बंदरावर घ्यायला गेले होते. टॅक्सीत बसल्या बसल्या मी पहिलं विचारलं, “मामंजी कसे आहेत? दसरा झाला?”

“झाला ना. कोंगोनीच. एका गोळीत. ताट आता खोपकरवहिनी धरतात.”

“आणि मामंजी न बघता भरतात?”

“नाही गं. तेच कळत नाही. हल्ली नाना प्रत्येक काडतूस आधी कानाशी नेऊन हलवतात, डोळे मिटून ऐकतात, मग कपाळाला लावतात. कुणी विचारलं तर काही सांगत नाहीत. खोपकरवहिनींना वाटतं, टिपणिसांची जुनी रीत असेल. आता त्याही ताटात ठेवताना प्रत्येक काडतूस कानाशी हलवतात.”

मी हसायला लागले. मनोहरही हसले, का ते न कळता. मग हसता हसता मला रडू आलं, आणि टॅक्सी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते काही थांबलं नाही.